विजापूर रोडची रविवारची राज्यघटना बॅच: सर उत्तम, नोट्स बाद

आधी निकाल, कारणं नंतर. सोलापुरात विजापूर रोडला एका बँकेच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी सकाळी राज्यघटनेची बॅच चालते. तिथल्या सरांच्या शिकवण्याला पाचपैकी साडेचार, छापील नोट्सना दीड आणि बसायच्या सोयीला दोन, तेही तुमच्या डोक्यावरचा पंखा चालू असेल तर. फी ३,५०० रुपये, दोन हप्त्यांत घेतात. क्लासचं नाव लिहीत नाही. पुढे तक्रारी आहेत, आणि माझं रोजचं जाणं-येणं त्याच रस्त्याने आहे.

मी परीक्षेवाली नाही. कोर्टाबाहेर माझं टायपिंगचं टेबल आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वारस नोंदीचे अर्ज. 'मे. कोर्टात सविनय सादर' हे आता बोटंच टाइप करतात, मला विचारत नाहीत. टेबलाशेजारी वकील मंडळी चहाला थांबतात. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये त्यातले एक म्हणाले, "सुप्रीम कोर्टाने विधेयकावर निर्णय घ्यायला राष्ट्रपतींनाच तारीख दिली!" दुसरे म्हणाले, "राष्ट्रपतींना कोण तारीख देणार?" दोघांचेही कोट पांढरे व्हायला आलेले, इतकी वकिली झालेली. ते भांडण काही मिटेना, म्हणून मी जाऊन फी भरली.

बॅचमधली बाकी पोरं एमपीएससीची. शहराच्या पूर्व भागातली आपसात तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडची कन्नड, आणि चिडली की सगळी सोलापुरी: "काय बे, कलम विचारलं तर कादंबरी सांगायलास व्हय?" मला काकू म्हणतात. नळाला पाणी यायचा दिवस रविवारी आला की अर्धी बॅच उशिरा येते. सर त्यावर अवाक्षर काढत नाहीत, कारण तेही बादल्या भरूनच आलेले असतात.

सरांनी आधी वकिली केली, मग कॉलेजात शिकवलं. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर शाळेतलं वाक्य लिहिलं: कायदेमंडळ कायदे करतं, कार्यकारी मंडळ राबवतं, न्यायमंडळ अर्थ लावतं. लिहिलं आणि पुसलं. मग विचारलं, "कोण कोणाला अडवू शकतं? आणि अडवणाऱ्याला कोण अडवतं?" पूर्ण बॅच या दोन प्रश्नांवर चालते. संसद म्हणजे दोन सभागृहं, असं पोरांनी बिनधास्त सांगितलं. सरांनी कलम ७९ वाचायला लावलं. राष्ट्रपती आणि दोन्ही सभागृहं मिळून संसद. ज्यांना आपण सरकारचे प्रमुख समजतो ते कायदे करणाऱ्यांतही मोजलेले! पुढे कलम ७४. राष्ट्रपती चालणार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने तो सल्ला शब्दांत बंधनकारक केला, आणि ४४व्या दुरुस्तीने १९७८ मध्ये एवढी सवलत दिली की एकदा 'पुन्हा विचार करा' म्हणून परत पाठवता येतं. दुसऱ्यांदा तोच सल्ला आला तर मानायचा. राष्ट्रपती राज्याचे प्रमुख, पण कारभाराचे नाहीत, हे डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ ला सांगून ठेवलं होतं.

वटहुकुमाचा तास मात्र असा झाला की त्या एका तासासाठी मी पूर्ण फी द्यायला तयार आहे.

सरांनी सुरुवात दिल्लीहून केली नाही. म्हणाले, "चार हुतात्म्यांच्या पुतळ्यावरून रोज जाता ना?" मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर सोलापूर पेटलं, गोळीबार झाला, पोलीस शहर सोडून गेले आणि काही दिवस इंग्रजांचं राज्यच इथे उरलं नाही. हे आपल्याकडे पोराटोरांना माहीत असतं. मार्शल लॉ लागला हेही. पण तो कशाच्या जोरावर चालवला? व्हाइसरॉय आयर्विन यांनी सोलापूरसाठी वटहुकूम काढला. चर्चा नाही, मतदान नाही, एका माणसाची सही. आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली तो पोलिसांच्या खुनाच्या आरोपाचा खटला वेगळा; तो यात कालवू नका, असं सरांनी दोनदा बजावलं. मला हे आवडलं. हुतात्म्यांचं नाव घेतलं की इथे बहुतेक वक्ते तपशील सोडून आवाज चढवतात.

मग त्यांनी विचारलं, असा वटहुकूम ज्यांनी सोसला त्यांनी स्वतःच्या घटनेत तोच अधिकार का ठेवला? वर्ग गप्प. कलम १२३ मध्ये तो आहे. पण त्याला कुंपण आहे. संसदेची दोन्ही सभागृहं बसलेली असतील तर वटहुकूम नाही. संसद पुन्हा बसली की तो तिच्यापुढे ठेवायचा, आणि त्यानंतर सहा आठवड्यांत मंजूर झाला नाही तर संपला. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर ठेवता येत नाही, म्हणजे ओढूनताणून साडेसात महिने.

पूर्व भागातला एक पोरगा लगेच म्हणाला, "सर, संपला की दुसऱ्या दिवशी परत काढायचा की." सर हसले. बिहारने नेमकं हेच केलं होतं. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले अर्थशास्त्राचे प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी तिथलं राजपत्र चाळून काढलं. १९६७ ते १९८१ या काळात २५६ वटहुकूम पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवलेले, काही तर चौदा वर्षांपर्यंत. विधानसभा होती, आमदार होते, भत्तेही असतील; कायदे मात्र राज्यपालांच्या सहीने. वाधवा सुप्रीम कोर्टात गेले. डिसेंबर १९८६ मध्ये सरन्यायाधीश भगवतींच्या घटनापीठाने याला घटनेशी केलेली लबाडी ठरवलं आणि वाधवांना खर्चापोटी १०,००० रुपये द्यायला लावले. २०१७ मध्ये सात न्यायमूर्तींनी तेच आणखी कडक शब्दांत सांगितलं. या निकालांच्या आधी, १९७५ च्या ३८व्या दुरुस्तीने राष्ट्रपतींचं 'समाधान', म्हणजे वटहुकुमाची गरज आहे ही त्यांची खात्री, कोर्टाच्या आवाक्याबाहेर नेऊन ठेवलं होतं. ४४व्या दुरुस्तीने ते परत आणलं. एका अधिकारावर तिघांची अशी ओढाताण मी पहिल्यांदा सलग ऐकली. शेजारची मंगळवेढ्याची मुलगी वहीत कलम १२३ लिहून मोकळी झाली होती. तास संपल्यावर तिने माझी वही मागून नेली.

राष्ट्रपतींच्या नकारावरचा तासही चांगला, फक्त घाईत झाला. १९८६ च्या टपाल विधेयकात सरकारला लोकांची पत्रं उघडायची मुभा मिळणार होती. ग्यानी झैलसिंग यांनी ते नाकारलं नाही, स्वीकारलं नाही, नुसतं ठेवून दिलं. घटनेत त्यांना मुदत लिहिलेलीच नाही. उलट २००६ मध्ये लाभाच्या पदाचं, म्हणजे खासदारकी न जाता कोणती सरकारी पदं घेता येतील याचं विधेयक अब्दुल कलाम यांनी परत पाठवलं, संसदेने ते तसंच पुन्हा मंजूर केलं आणि मग त्यांना सही करावी लागली. एकाने गप्प बसून जे साधलं ते दुसऱ्याला उघड बोलून साधलं नाही. सर म्हणाले, यावर निबंध येतो. आला तर मला कळवा.

महाराष्ट्राचा विषय निघाल्यावर वर्गाचा आखाडा झाला. २०२२ चं सत्तांतर. अर्धे एका सेनेचे, अर्धे दुसऱ्या. सरांनी शांतपणे ११ मे २०२३ चा निकाल काढला. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावण्याएवढा आधार त्यांच्यापुढे नव्हता, असं कोर्टाने म्हटलं. पण ठाकरे चाचणीला सामोरे न जाता राजीनामा देऊन गेले, म्हणून जुनं सरकार परत बसवता येत नाही. आणि आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांनी घ्यावा. अध्यक्षांनी तो १० जानेवारी २०२४ ला दिला. "म्हणजे चूक राज्यपालांची, आणि फायदा ज्याचा व्हायचा त्याचा झालाच ना?" एकाने विचारलं. सरांनी उत्तर दिलं नाही, अपात्रता ठरवणारा अध्यक्ष कोणत्या पक्षातून येतो ते शोधून या म्हणाले. मला वाटतं इथे त्यांनी स्वतःचं मत सांगायला हवं होतं. पैसे भरून बसलेल्या माणसाला शिक्षकाचं मत ऐकायचा हक्क आहे, पटो न पटो.

आता तक्रारी. ज्या तारखेच्या भांडणापायी मी क्लास लावला, तिथेच नोट्स शिळ्या. त्यात छापलंय की विधेयकावर राष्ट्रपतींनी तीन महिन्यांत निर्णय घ्यायचा. हे तामिळनाडूच्या राज्यपालांनी अडवलेल्या विधेयकांवरच्या ८ एप्रिल २०२५ च्या निकालातलं, दोन न्यायमूर्तींचं. त्यानंतर मे महिन्यात राष्ट्रपती मुर्मू यांनी कलम १४३ खाली, म्हणजे कोर्टाचा सल्ला मागायच्या अधिकारात, सुप्रीम कोर्टालाच १४ प्रश्न विचारले. २० नोव्हेंबर २०२५ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की कोर्टाला अशी मुदत घालता येत नाही, आणि मुदत उलटली म्हणून संमती मिळाली असंही धरता येत नाही. राज्यपाल कारण न देता अनिश्चित काळ बसून राहिले, तर 'काय तो निर्णय घ्या' एवढंच कोर्ट म्हणू शकतं. सर हे तोंडी बरोबर शिकवतात. नोट्स जुन्याच वाटतात. सराव परीक्षेतही तीन महिन्यांनाच गुण! मी उत्तरावर आक्षेप लिहून दिला, टाइप करून, तारखेसह. काउंटरवरच्या मुलाने तो घेतला आणि पोचवर सही द्यायला नकार दिला.

न्यायमूर्तींच्या नेमणुकीचा विषयही एकाच बाजूने झाला. संसदेने आणलेला नियुक्ती आयोग कोर्टाने १६ ऑक्टोबर २०१५ ला चार विरुद्ध एक मतांनी रद्द केला, इथपर्यंत ठीक. पण न्यायमूर्तींनीच न्यायमूर्ती निवडायचे तर त्यांना कोण अडवणार, हा सरांचाच लाडका प्रश्न त्या दिवशी त्यांनी विचारला नाही. वकिलीचे दिवस आड आले असावेत. अमेरिकेचा अध्यक्ष, त्याचा नकार, तो उलटवायला लागणारं दोन-तृतीयांश मत, हे सगळं चहाच्या सुट्टीआधी दहा मिनिटांत गुंडाळलं. परीक्षेच्या पोरांना तेवढं पुरत असेल.

मागच्या दोन बाकांवर बसू नका, माइक तिथे पोचत नाही आणि खाली बँकेचा जनरेटर लागला की काहीच ऐकू येत नाही. खिडकीकडची तिसरी ओळ चांगली. पहिला तास फुकट ऐकू देतात. वटहुकुमाचा तास कधी आहे ते विचारून त्याच दिवशी जा. आणि फी भरताना 'नोट्स नकोत' म्हणालात तर ५०० रुपये कमी करतात. बोर्डावर लिहिलेलं नाही, विचारावं लागतं.