जुन्या दगडी भिंतींसाठी तयार चुन्याचा मसाला: वापरानंतरचे मत

शंभराहून अधिक वर्षे उभ्या असलेल्या एका दगडी इमारतीच्या दरजा (दगडांमधले सांधे) नव्याने भरण्यासाठी आम्ही गोणीत तयार मिळणारा चुन्याचा मसाला वापरला. यात नैसर्गिक हायड्रॉलिक चुना (पाण्याशी संयोग होऊन घट्ट होणारा चुना) आणि प्रतवारी केलेली वाळू आधीच मिसळलेली असल्यामुळे कामावर केवळ पाणी घालावे लागते. याच भिंतीची मागील डागडुजी सिमेंटने झालेली होती आणि तिचा परिणाम डोळ्यांसमोर होता: सिमेंटची दरज शाबूत आणि तिच्या दोन्ही बाजूंचा मऊ दगड बोटभर आत झिजलेला. भिंतीतली ओल सिमेंटमधून सहजी बाहेर पडत नाही, म्हणून ती दगडातून वाट काढते. सुकताना मागे राहिलेल्या क्षारांचे स्फटिक दगडाच्या छिद्रांत वाढत जातात आणि पोपडे सुटू लागतात. चुन्याची दरज ही ओल स्वतःतून जाऊ देते आणि दगडाऐवजी स्वतः झिजते.

गोणीवरील 2, 3.5 किंवा 5 हा आकडा आतल्या चुन्याची 28 दिवसांनंतरची किमान दाबशक्ती न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये सांगतो. विक्रेत्याने ‘जास्त मजबूत’ म्हणून 5 क्रमांकाचा आग्रह धरला. जुन्या वास्तूंचे बरेचसे नुकसान याच आग्रहातून झाले असावे. अथेन्सच्या अक्रोपोलिसवर, म्हणजे प्राचीन ग्रीक मंदिरांच्या टेकडीवर, विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दुरुस्तीत दगड जोडायला वापरलेले लोखंड गंजून फुगले, संगमरवर तडकला आणि पुढे त्या जागी टायटॅनियम बसवावे लागले. आम्ही 3.5 घेतला, पण इतक्या मऊ दगडाला 2 पुरेसा होता असे आता वाटते.

मसाला थापीवर लोण्यासारखा चालतो, दरजेत नीट दाबला जातो आणि गवंड्याला घाई करावी लागत नाही. जुने सिमेंट मात्र हातछिन्नीनेच, दरजेच्या रुंदीच्या साधारण दुप्पट खोलीपर्यंत काढावे. ग्राइंडर फिरवला की दगडांच्या कडा उडतात.

तक्रार आहे ती माहितीपत्रकाची. भरलेली दरज काही दिवस ओलसर ठेवावी लागते, ही सर्वांत महत्त्वाची सूचना त्यात शेवटी एका ओळीत उरकली आहे. आम्ही ती वाचेपर्यंत उन्हाकडील पहिल्या दोन हातांच्या पट्ट्यात केसासारख्या चिरा पडल्या होत्या आणि तेवढा भाग उकरून पुन्हा भरावा लागला. त्यानंतर ओले गोणपाट टांगून ठेवले आणि एकही चीर आली नाही. सुकल्यावर रंग बराच फिका होतो, त्यामुळे आडोशाच्या कोपऱ्यात हातभर नमुना आधी भरून पाहावा.

उत्तरेकडील भिंतीसाठी याच मसाल्याच्या गोण्या पुन्हा मागवल्या आहेत, या वेळी 2 क्रमांकाच्या.