काळ्या मातीतली जिप्सी : पेरणीपासून वेचणीपर्यंतच्या वापराचा अनुभव

दर्यापूर तालुक्यातील आमचे शेत पूर्णेच्या खोऱ्यातल्या खोल काळ्या मातीत आहे. गावापासून शेतापर्यंतची पांदण पावसाळ्यात ट्रॅक्टरशिवाय दुसऱ्या वाहनाला वाट देत नाही. या पांदणीसाठीच गेल्या उन्हाळ्यात मी जुनी मारुती जिप्सी, एमजी ४१३ डब्ल्यू, विकत घेतली. पेरणीपासून कापसाच्या शेवटच्या वेचणीपर्यंत ती सतत वापरात राहिली आणि देखभालीची व फेरबदलांची बहुतेक कामे मी घरच्या अंगणातच केली. त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की, आपल्या भागात या गाडीवर पैसा आणि कष्ट खर्च करायचे ते आधी चिखल आणि पाणी तिच्या आत शिरू नये यासाठी. उंची, दिवे आणि बंपर यांचा विचार त्यानंतर करावा.

१९८५ साली बाजारात आलेल्या या गाडीचे उत्पादन थांबून काही वर्षे झाली असली, तरी ताडोबा, पेंच आणि मेळघाटातील सफारीमुळे विदर्भात ती अजून भरपूर दिसते. त्यामुळे अमरावती-नागपुरात तिचे सुटे भाग मिळतात आणि तिचा स्वभाव जाणणारे मिस्त्रीही भेटतात. रचना साधी आहे : पुढे-मागे सलग ॲक्सल, चारही चाकांना कमानपाटे, गिअरबॉक्सपासून वेगळा बसवलेला ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी) आणि १.३ लिटरचे पेट्रोल इंजिन. गोटी पान्यांचा संच, टॉर्क पाना, ग्रीस गन, दणकट जॅक आणि दोन स्टँड एवढ्या साहित्यावर निम्म्याहून अधिक कामे होतात. केवळ जॅकच्या भरवशावर मात्र कोणीही गाडीखाली शिरू नये.

सर्वांत जास्त लक्ष मागतो तो पुढच्या ॲक्सलचा नकल, म्हणजे चाक वळते तो गोलाकार सांधा. त्याच्या गोळ्यावर बाहेरून एक सील घासत असते. काळी माती ओली असताना गोळ्याला चिकटते, वाळली की दगडासारखी कडक होते आणि पुढच्या वेळी स्टीअरिंग फिरवताच सीलची कड कापते. म्हणून शेतातून परतल्यावर माती ओली असतानाच दोन्ही गोळे पाण्याने धुऊन, फडक्याने पुसून, त्यांवर ग्रीसचा पातळ हात फिरवण्याचा नियम मी पावसाळाभर पाळला. आतल्या बाजूला आणखी एक ऑइल सील असते. ते गेले की डिफरन्शियलचे, म्हणजे ॲक्सलमधल्या गिअरपेटीचे, तेल नकलमध्ये उतरते, तिथले ग्रीस पातळ होते आणि चाकाच्या आतून काळपट ओघळ दिसू लागतात. माझ्या गाडीत डाव्या बाजूला हे आधीपासूनच होते. नकल खोलून सील बदलले, जुने ग्रीस डिझेलने धुऊन काढले आणि सोबतच किंगपिनची, म्हणजे नकल ज्या खुंटीवर वळतो तिची, बेअरिंग नवी घातली. किंगपिनखालच्या पातळ शिम (चकत्या) कमी-जास्त करून बेअरिंगचा ताण जुळवावा लागतो. त्यासाठी टायरॉड (चाके वळवणारा दांडा) सोडवून नकलला लहान स्प्रिंगकाटा अडकवायचा आणि तो फिरू लागताना किती ओढ लागते ते मॅन्युअलमधील आकड्याशी ताडून पाहायचे. या कामात एक अख्खा दिवस गेला. पण खड्ड्यातून गेल्यावर स्टीअरिंगला जो थरकाप सुटत असे, तो त्यानंतर पूर्ण थांबला. असा थरकाप आला की बरेच जण आधी स्टीअरिंग डॅम्पर (धक्के शोषणारा दांडा) बदलतात. माझा आग्रह आहे की त्याआधी चाक उचलून, वर-खाली धरून, हलवून किंगपिनची बेअरिंग ढिली आहे का ते पाहावे.

दुसरे काम अगदी स्वस्तातले आहे. चालून तापलेला ॲक्सल रपट्यावरच्या (नाल्यावरच्या बुटक्या पुलावरच्या) पाण्यात उतरला की एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (ॲक्सलच्या हवेच्या छिद्रातून) किंवा सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. मी दोन्ही ॲक्सलच्या ब्रीदरला इंधनासाठी वापरतात तशी रबरी नळी जोडून ती वर बोनेटखाली नेली आणि टोकाला छोटा फिल्टर लावला. नाल्याला पूर असताना उतरण्याचा परवाना म्हणून याकडे पाहू नये; गुडघ्याखालच्या पाण्यासाठी ही सोय आहे. पावसाळ्यानंतर तेल काढले तेव्हा ते स्वच्छ होते. पाणी गेले असते तर तेल दुधाच्या चहासारखे दिसले असते. तेल काढताना आधी भरण्याचे बूच ढिले होते की नाही ते तपासावे आणि मगच खालचे बूच उघडावे. वरचे अडून बसले, तर रिकाम्या ॲक्सलची गाडी जागची हलवता येत नाही.

रेडिएटरविषयी आमच्या भागाला वेगळे सांगणे भाग आहे, कारण आम्ही खारपाणपट्ट्यात राहतो. येथील बोअरचे खारट, जड पाणी रेडिएटरमध्ये भरल्यास नळ्यांत क्षार बसतात, गंज चढतो आणि ४५ अंशांच्या उन्हात इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकू लागतो. मी संपूर्ण यंत्रणा धुऊन इथिलीन ग्लायकॉलचे कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे भरले. त्यामुळे पाण्याचा उकळबिंदू वाढतो आणि आतील धातूचेही रक्षण होते. रेडिएटरच्या जाळीत कपाशीचे तंतू आणि सोयाबीनचा भुसा अडकतो. तो इंजिनाच्या बाजूकडून बाहेर, हलक्या धारेने काढावा. जोराच्या धारेने पाती वाकतात. एअर फिल्टर कागदीच ठेवला आहे, आणि मळणीच्या दिवसांत तो आठवड्याला काढून पाहणे गरजेचे ठरले.

मूळच्या २०५/७० आर १५ ऐवजी मी २१५/७५ आर १५ मापाचे खोल नक्षीचे टायर घेतले. व्यास सुमारे ६६८ वरून ७०४ मिलिमीटर झाला, त्यामुळे ॲक्सल जवळपास १८ मिलिमीटर उचलला गेला. त्याची किंमतही मोजावी लागते : स्पीडोमीटर सुमारे ५ टक्के कमी वेग दाखवतो, चिखलदऱ्याच्या घाटात एक गिअर आधी खाली यावे लागते, आणि डांबरी रस्त्यावर आवाज वाढतो. काळ्या चिखलात नक्षी भरून टायर गुळगुळीत होतो, हीच खरी अडचण असते. ट्रान्सफर केसच्या लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त ओढ) दुसरा गिअर टाकून चाक थोडे वेगाने फिरते ठेवले की चिखल झाडला जातो. हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवली की पकड स्पष्टपणे वाढते; मात्र रस्त्याला लागण्यापूर्वी ती पुन्हा भरायलाच हवी, म्हणून १२ व्होल्टचा कंप्रेसर गाडीतच असतो.

कमानपाट्यांची उंची मी वाढवली नाही. लांब शॅकलने (कमानपाटा चेसिसला जोडणाऱ्या कडीने) कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन, आणि ॲक्सलला ताकद पोहोचवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे कोन बदलतात आणि किंगपिनवर घेतलेली मेहनत वाया जाते. फक्त झिजलेले रबरी बुश बदलले. त्यांचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडीचे वजन चाकांवर असावे. लोंबत्या ॲक्सलवर आवळले तर रबर पिळलेले राहते आणि लवकर फाटते. हेडलाइटना रिले (विजेवर चालणारा स्विच) लावून बॅटरीतून थेट जाड वायर दिली, तेव्हा मूळच्याच बल्बचा उजेड वाढला.

पुढे लोखंडी गार्ड लावण्याचा सल्ला अनेकांनी दिला. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये अशा गार्डवर कारवाई करण्यास राज्यांना सांगितले आहे, आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. त्याऐवजी चेसिसला बोल्टने पक्का बसणारा ओढण्याचा हूक घेतला, कारण मदतीला येणारा ट्रॅक्टरवाला साखळी बंपरलाच बांधायला निघतो.

पेट्रोल लिटरमागे दहा-अकरा किलोमीटर जाते आणि दुपारच्या उन्हात आत बसणे त्रासाचे असते. यावर मला उपाय सापडलेला नाही. सध्या मागच्या डाव्या ब्रेक ड्रमच्या आतल्या कडेला तेलाचा ओलावा दिसू लागला आहे. ते तेल लायनरपर्यंत पोहोचण्याआधी, मृगाच्या पुष्कळ आधी, त्या बाजूचे ॲक्सल सील आणि बेअरिंग बदलायचे आहे; भाग आणून ठेवले आहेत, बेअरिंग ओढण्याचा पुलर तेवढा कोणाकडून तरी मिळवायचा आहे.