कात्री, आलेख वही आणि जेनेटिक अल्गोरिदम (3.5 स्टार)

कॉलेज रोडवरच्या एका क्लासचं शनिवार-रविवारचं वर्कशॉप केलं, विषय साध्या खेळांच्या चाली कॉम्प्युटरकडून जेनेटिक अल्गोरिदमने शोधून घ्यायच्या, म्हणजे बरेच खेळाडू बनवायचे, चांगले निवडायचे आणि त्यांची सरमिसळ करून पुढची पिढी काढायची. पहिला दिवस एक नंबर. सरांनी लॅपटॉप उघडूच दिला नाही, आलेख वहीच्या पट्ट्या कापून दिल्या आणि 70 चौकोनांत शून्य नाहीतर एक भरा म्हणाले.

रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने 1987 मध्ये छापलेला प्रयोग होता तो, दोघांनी पुन्हा पुन्हा खेळायचा साथ-की-दगा खेळ. दोघांनी साथ दिली तर 3-3 गुण, एकाने दगा दिला तर त्याला 5 आणि समोरच्याला भोपळा, दोघांनी दिला तर 1-1. मागच्या तीन डावांत काय झालं याच्या 64 शक्यता, प्रत्येकीला एक उत्तर (साथ की दगा, म्हणून शून्य नाहीतर एक), आणि सुरुवातीला मागचे डावच नसतात म्हणून ते धरून चालायला अजून 6, झाले 70. मग कात्रीने पट्टी मधून कापायची आणि शेजारच्याशी अर्धी बदलायची, माझी चांगली पट्टी शेजारच्या काकांनी नेली आणि वर खोडरबराने एक आकडा बदलला, म्हणे म्युटेशन. अ‍ॅक्सेलरॉडने 20 खेळाडूंच्या 50 पिढ्या चालवल्या तेव्हा बहुतेक वेळा आपलं 'जशास तसे'सारखंच (समोरच्याने मागच्या डावात जे केलं तेच आपण करायचं) वर आलं, काही वेळा तर त्याहून वरचढ. हे हाताने केल्यावर जे डोक्यात बसलं ते व्हिडिओ बघून कधी बसलं नव्हतं.

रविवारी मात्र गाडी घसरली. फुली-गोळ्याचा तयार कोड दिला, माझा खेळाडू शंभरात नव्वदच्या वर जिंकायला लागला, मी खुश होऊन घरी गेलो आणि आठ वर्षांच्या भाचीने त्याला पाच मिनिटांत दोनदा हरवलं! कारण काय तर कोडमध्ये त्याला सगळा सराव कशाही चाली खेळणाऱ्यासमोर दिलेला, त्यामुळे समोरच्याची दोन घरं भरली की तिसरं अडवायचं असतं हे तो शिकलाच नाही, गरजच पडली नाही ना त्याला. परीक्षा सोपी ठेवली की पोरगं तेवढंच शिकणार, आणि नेमकं हेच कोणी सांगितलं नाही. मेसेज केला तर 'अ‍ॅडव्हान्स बॅचला या' असं उत्तर, हे नाही पटलं. शेवटी मीच पिढीतल्यांना एकमेकांशी खेळायला लावलं, आता बरेच डाव बरोबरीत सुटतात आणि भाची कंटाळलीये.

पायथन थोडं येत असेल तर जा, शनिवारसाठी तरी जाच. मिसळ ठीक, रस्सा पातळ. एक्स्टेंशन बोर्ड घरून न्या, सहा जणांत एकच पॉइंट होता.