जुन्या गाडीच्या कार्बसाठी वाइडबँड गेज: घ्यावा का?

पॉड फिल्टर (एअरबॉक्स, म्हणजे हवेचा मूळ डबा, काढून थेट कार्बच्या तोंडावर बसणारा उघडा फिल्टर) लावला, मोकळा सायलेन्सर बसवला आणि गाडी मधल्या एक्सलेटरला आचके द्यायला लागली, की सगळीकडून एकच सल्ला येतो: मेन जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा भोकाचा पितळी तुकडा, मोठा टाक. किती मोठा, ते कोणी सांगत नाही. एक म्हणतो दोन नंबर वर, दुसरा म्हणतो पाच. मग माणूस जेटांचा सेट आणतो, टाकी उतरवतो, कार्ब खोलतो, एक जेट टाकतो, फिरवून येतो, पुन्हा खोलतो. हा सगळा व्याप अंदाजावर करायचा मला कंटाळा आला होता, म्हणून वाइडबँड एअर-फ्युएल गेज घेतला. असे गेज बऱ्याच कंपन्या बनवतात आणि त्यातल्या कितीतरी गेजमध्ये सेन्सर बॉशचा एलएसयू ४.९ हाच असतो. त्यामुळे हे लिहितोय ते एका कंपनीपेक्षा त्या वस्तूबद्दल आहे असं धरा.

गाडी जुनी २५० सीसी, सिंगल सिलिंडर, एअर-कूल्ड, फोर स्ट्रोक. कार्ब केहिनचा सीव्ही, म्हणजे आत डायफ्राम (रबरी पडदा) असलेला.

गेज करतो काय, तर सायलेन्सरच्या बेंडमधून जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजून हवा आणि पेट्रोलचं प्रमाण दाखवतो. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते. पण पूर्ण रेस दिल्यावर एअर-कूल्ड इंजिनाला १२.५ ते १३ च्या आसपास हवं असतं. तिथेच ताकद मिळते आणि हेडही जास्त तापत नाही. साध्या गाड्यांमधला नॅरोबँड सेन्सर १४.७ च्या अलीकडे की पलीकडे एवढंच नीट सांगतो. १२.८ आणि १३.८ मधला फरक त्याला कळत नाही, आणि आपल्याला हवा असतो तो नेमका तोच. म्हणून खर्च वाचवायला नॅरोबँडवाला गेज घेऊ नका. या कामाला तो निरुपयोगी आहे.

बसवणं अवघड नाही, पण घाईचंही नाही. बेंड पाइपला एम१८ बाय १.५ आट्याचा बंग (सेन्सर ज्यात आवळतात ती लोखंडी कडी) वेल्ड करावा लागतो. सेन्सर आडव्यापेक्षा किमान दहा अंश वर उचललेला हवा, नाहीतर पाइपात साचणारं पाणी त्याच्या गरम टोकावर जातं आणि आतली सिरॅमिक तडकते. टोक ७८० अंशांच्या आसपास तापलेलं असतं, तेव्हा एक थेंबही पुरे. हेडच्या अगदी जवळ नको आणि सायलेन्सरच्या तोंडापाशीही नको. तोंडापाशी बसवला तर आयडलिंगला बाहेरची हवा उलटी आत ओढली जाते आणि आकडा खोटा लीन (पेट्रोल कमी) दिसतो. सेन्सरचा हीटर चांगला करंट खातो. जुन्या गाडीच्या चार्जिंग कॉइलवर तो भार टाकू नका, वेगळी १२ व्होल्टची छोटी बॅटरी पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवली की काम भागतं. माझ्या किटमधली वायर मोटारीच्या डॅशबोर्डचा विचार करून दिलेली होती, मोटरसायकलसाठी क्लॅम्प नव्हताच. उन्हात डिस्प्लेवरचे आकडेही नीट दिसत नाहीत. या दोन गोष्टी मला मनापासून खटकल्या.

आता मुख्य मुद्दा. गेजचा खरा फायदा आकडा दिसण्यात नाही, तो आकडा एक्सलेटरच्या कुठल्या टप्प्यावर दिसतोय हे कळण्यात आहे. त्यासाठी एक्सलेटरच्या मुठीवर पांढरी पट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण अशा खुणा करा. कार्बमध्ये सुरुवातीच्या पाव भागात पायलट जेट आणि स्क्रूचं राज्य, मधल्या भागात नीडलचं, म्हणजे स्लाइडला लटकणाऱ्या सुईचं, पाऊणच्या वर मेन जेटचं. खूण आणि आकडा एकत्र वाचले की कुठलं पितळ बदलायचं ते समजतं. सीव्ही कार्बमध्ये एक भानगड लक्षात ठेवावी लागते: आपण मुठीने फक्त बटरफ्लाय ही झडप उघडतो, हवेची वाट कमी-जास्त करणारा दट्ट्या, म्हणजे स्लाइड, किती उचलायची ते व्हॅक्यूम ठरवतं. त्यामुळे सपाट रस्त्यावरचा अर्धा एक्सलेटर आणि चढावरचा अर्धा एक्सलेटर सारखे नसतात. आकडा दोन्हीकडे बघा, आणि प्रत्येक वेळी मूठ काही सेकंद स्थिर धरून बघा, कारण धूर सेन्सरपर्यंत पोचून आकडा बदलायला क्षणभर जातो. चालू गाडीवर नजर रस्त्यावर हवी. गेजमधला रेकॉर्ड नंतर वाचता येत असेल तर तसाच घ्या, या एका सोयीसाठी थोडे जास्त पैसे द्यायला माझी हरकत नाही.

आणि मग हिशेब करता येतो. माझ्या गाडीत १२० चा मेन जेट होता आणि पूर्ण रेसला आकडा १४.२ येत होता. हवा होता १२.९. म्हणजे साधारण दहा टक्के जास्त पेट्रोल. केहिनच्या जेटवरचा नंबर म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. पेट्रोल जातं ते भोकाच्या क्षेत्रफळानुसार, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. म्हणून व्यास दहा टक्के नाही, पाचच टक्के वाढवायचा: १२६. मी १२५ टाकला आणि आकडा १३ वर येऊन बसला. कोणाच्या सल्ल्याने दोन नंबर की पाच नंबर हा वादच संपला. मात्र दुसऱ्या कंपनीचे जेट मधे घुसवू नका, एका कंपनीचा १२५ दुसरीच्या १२५ एवढंच पेट्रोल सोडेल असं नाही.

मेन जेट आधी, मग नीडल, शेवटी पायलट, हा माझा क्रम. माझ्या कार्बच्या नीडलला क्लिपसाठी खाचाच नव्हत्या, एकच ठरलेली जागा. तिथे अर्धा मिलिमीटर जाडीचा बारीक वॉशर घातला, नीडल तेवढी वर आली आणि मधला भाग रिच (पेट्रोल जास्त) झाला. पायलटला स्क्रू कुठल्या बाजूला आहे ते आधी पाहा. इंजिनच्या बाजूचा स्क्रू पेट्रोलचा, तो बाहेर काढला की रिच. फिल्टरच्या बाजूचा हवेचा, तो बाहेर काढला की लीन. हे उलटं धरून माणसं दिवस घालवतात.

पॉड फिल्टरबद्दल मात्र गेजने जे दाखवलं ते मला फार मोलाचं वाटतं. एअरबॉक्स ठेवून आत मोकळा फिल्टर टाकला तेव्हा वरच्या हिशेबाने सगळं जागेवर बसलं. पॉड लावल्यावर आडव्या वाऱ्यात मधल्या एक्सलेटरचा आकडा १३ आणि १६ च्या मध्ये नाचायला लागला. जेट बदलून हे जात नाही, कारण प्रश्न पेट्रोलचा नसतोच. कार्बच्या तोंडाशी कडेला एक भोक असतं, त्यातून डायफ्रामच्या खाली बाहेरचा दाब पोचतो. एअरबॉक्समधली हवा शांत असते, पॉडमध्ये ती वाऱ्याबरोबर हलते आणि स्लाइड त्याबरोबर वरखाली होते. त्यात काही पॉडच्या रबराची आतली कड इतकी रुंद असते की ती हे भोक आणि शेजारची एअर जेटची भोकं झाकूनच टाकते. फिल्टर काढून तोंडात टॉर्च मारून पाहा, कड आड येत असेल तर दुसरा पॉड घ्या. माझं मत विचाराल तर सीव्ही कार्बवर एअरबॉक्स राहू द्या. साध्या स्लाइडच्या कार्बवर पॉड बराच सोसतो.

गेजवर डोळे मिटून विश्वास मात्र ठेवू नका. तो पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. गाडी इतकी रिच असेल की प्लग मिस होतोय, तर न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो आणि गेज लीन दाखवतो. तुम्ही आणखी मोठा जेट टाकता आणि गाडी आणखी बिघडते. गेज लीन म्हणतोय आणि प्लगवर काळी काजळी आहे, तर प्लगचं ऐका. हेडजवळच्या गॅस्केटमधून धूर गळत असेल तरी आकडा लीन येतो. एक्सलेटर एकदम सोडल्यावरचा आकडा सरळ सोडून द्या. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल वापरत असाल तर १४.७ ची फूटपट्टीच हलते, तेव्हा गेज लॅम्डावर ठेवा. इंधन कुठलंही असो, १ म्हणजे नेमकं प्रमाण, आणि पूर्ण रेसला ०.८७ च्या आसपास.

टू स्ट्रोकवाल्यांनी यात पैसे घालू नयेत. तिथे ताजं मिश्रण थेट सायलेन्सरात निसटतं, त्यातल्या ऑक्सिजनमुळे आकडा भरवशाचा राहत नाही आणि ऑइलने सेन्सर लवकर मरतो. त्यांच्यासाठी प्लग चॉपच बरा: पूर्ण रेसवर इंजिन बंद करून क्लच दाबायचा आणि प्लग काढून बघायचा.

फोर स्ट्रोक असेल, व्हॉल्व्ह क्लिअरन्स, टायमिंग, फ्लोटची उंची आणि मॅनिफोल्डचं रबर आधीच तपासलेलं असेल, तर हा गेज जरूर घ्या. दोघातिघांत मिळून घेतला तर आणखी उत्तम, कारण जेटिंग पक्कं झालं की तो गाडीवर ठेवायचाच नाही. करंट न देता सेन्सर धुरात राहिला तर काजळीने खराब होतो. काढून त्याच आट्याचा बोल्ट बंगमध्ये घट्ट बसवा, आणि घेतानाच नुसता सेन्सर पुढे सुटा मिळतो का ते विचारून ठेवा.