घडीचं ‘३०×२१’ भिंग : बिनपानी आमरी बघायला चालेल का?

दोनशे रुपयांच्या आसपास मिळणारं, धातूच्या टोपणात दुमडून बसणारं हे सोनाराचं भिंग. त्यावर ‘३०×२१ मि.मी.’ असं छापलेलं असतं. त्यातले २१ म्हणजे काचेचा व्यास, तो ठीक. ३० मात्र थाप आहे. पडताळणं सोपं: खिडकीबाहेरच्या लांबच्या झाडाची प्रतिमा भिंगातून समोरच्या भिंतीवर स्पष्ट पाडायची, भिंग ते भिंत हे अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचं आणि २५० ला त्यानं भागायचं. तीस पटीसाठी अंतर जेमतेम ८ मि.मी. हवं. इथे ते २५ च्या पुढेमागे येतं, म्हणजे दहा पट.

एपिपोजियम रोझियमसाठी ही थाप पथ्यावरच पडते. सह्याद्रीच्या गर्द सावलीत पावसाच्या तोंडाला पाचोळ्यातून वर येणारी ही आमरी, म्हणजे ऑर्किड. पान नाही, हरितद्रव्य नाही. पाचोळा-लाकूड कुजवणाऱ्या बुरशीकडून अन्न घेते आणि थोड्याच दिवसांत फुलून, फळून आडवी होते. खरी तीस पट असती तर फुलापासून ८ मि.मी.वर काच धरावी लागली असती. तेवढ्यात स्वतःच्याच डोक्याची सावली पडते आणि एका वेळी फुलाचा एक ठिपकाच काय तो स्पष्ट दिसतो. दहा पटीला अडीच सेंटिमीटर मोकळे राहतात.

एरवी फूल तोडून भिंगाजवळ नेतात. इथे तोडायचं नाही, म्हणून उलटं करायचं: भिंग डोळ्याला जवळपास टेकवायचं, करंगळी जमिनीवर रोवायची आणि अख्खं डोकंच फुलाकडे न्यायचं. दांडा पोकळ आणि पाणीदार असतो, बोटाच्या धक्क्यानंही मोडतो. फूल खाली झुकलेलं आणि अर्धवट मिटलेलं, तेव्हा बाजूनं टॉर्चचा तिरपा उजेड द्यावा. मग ओठाच्या पाकळीवरच्या बारीक दाण्यांच्या दोन ओळी या भिंगात छान सुट्या दिसतात. त्यासाठी पूर्ण गुण. कडेला मात्र पांढऱ्या फुलाभोवती निळी-पिवळी झालर येते. मधला अर्धा भागच विश्वासाचा. ‘ट्रिपलेट’ (तीन काचा जोडून केलेलं भिंग) छापलेलं असलं तरी आलेखाचा कागद ठेवून बघा, कडेच्या रेघा वाकल्या तर ते नावापुरतं.

बी बघायचं तर कोरं काळं कार्ड न्या. आपोआप सांडलेलं बी भुशासारखं, एक मिलिमीटरहून लहान. पांढऱ्या कागदावर हरवतं. त्यात साठवलेलं अन्न जवळजवळ नसतंच, म्हणून बुरशी भेटल्याशिवाय ते वाढत नाही. याच कारणानं कंद उकरून कुंडीत लावणं म्हणजे झाड मारणं.

आमरीच्या पेशींत शिरलेल्या बुरशीचे वेटोळे या भिंगात दिसणार नाहीत; त्याला पातळ काप आणि १०० ते ४०० पटीचा सूक्ष्मदर्शक लागतो. ‘पान नाही म्हणजे बुरशीवर जगतं’ हेही भिंग सांगत नाही. जांभळ्या फुलाची एजिनेशियासुद्धा बिनपानीच, पण ती गवताच्या मुळांतून थेट रस चोरते.

मोबाइलला लावून फोटो घ्यायचे तर फोनचा आपोआप चालू होणारा मॅक्रो (अगदी जवळून फोटो घ्यायची सोय) आधी बंद करा, नाहीतर फोन मधेच दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारतो. फोटोत पांढरं फूल जास्त उजेडानं भाजून निघतं, म्हणून फुलावर बोट टेकवून उजेडाची पट्टी खाली ओढावी.

सोबत येणारी चामड्यासारखी पिशवी घरीच ठेवा, खरं तर फेकूनच द्या. ती ओल धरते आणि श्रावण संपेपर्यंत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी उगवते. या विषयात बुरशी हवीच असते, पण काचेवर नव्हे. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवलेलं बरं. निळे खडे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर तासभर तापवून पुन्हा वापरता येतात. बिजागरीचा स्क्रू सैल होतो, तो चष्म्याच्या पेचकसानं आवळावा. काळी दोरी स्वतःच बांधून घ्या, हे भिंग पाचोळ्यात पडलं तर सापडत नाही.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण त्या ‘३०’ साठी कापला, एक कडेच्या झालरीसाठी.