1958 चा ड्रॅक्युला: अजूनही रात्री एकट्याने बघू नका

परवा रात्री हॅमर फिल्म्स या ब्रिटिश कंपनीचा 1958 चा ड्रॅक्युला परत बघितला, दिग्दर्शक टेरेन्स फिशरचा, आणि खरं सांगते, व्हॅम्पायरचे इतके पिक्चर आले गेले पण ड्रॅक्युला झालेल्या ख्रिस्तोफर लीसारखी धडकी कुणीच भरवली नाही.

ब्रॅम स्टोकरची कादंबरी 1897 ची, सगळी डायऱ्या आणि पत्रांतून सांगितलेली, केवढी तरी मोठी, आणि इथे अख्खी गोष्ट दीड तासाच्या आत संपते. त्यासाठी जिमी सँगस्टरने पटकथेत सरळ कात्री चालवलीय, जहाज नाही, लंडन नाही, वटवाघूळ होणं नाही. सगळ्यात भारी बदल म्हणजे जोनाथन हार्कर. कादंबरीत तो बिचारा घराच्या व्यवहाराची कागदपत्रं घेऊन जातो, काय चाललंय याचा पत्ताच नसतो त्याला, इथे मात्र लायब्रेरियन म्हणून किल्ल्यात शिरतो तोच मुळी ड्रॅक्युलाला मारायला! म्हणजे कादंबरी पाठ असलेल्या माणसालाही पुढे काय होणार ते कळत नाही.

आणि लीची एन्ट्री बघाच. आधी जिन्याच्या वर नुसती काळी आकृती, आपण श्वास धरून बसतो, आणि तो झपझप पायऱ्या उतरून येतो आणि एकदम सभ्यपणे स्वागत करतो, उंच, देखणा, आवाज असा की कुणीही पाहुणा म्हणून राहील. थोड्या वेळाने तोच माणूस लायब्ररीच्या दारात उभा, डोळे लालभडक, तोंड रक्ताने माखलेलं, आणि टेबलावरून झेप घेतो. मला माहीत होतं तरी मी उशी घट्ट धरली. हार्करशी सुरुवातीला बोलतो तेवढंच, त्यानंतर पिक्चर संपेपर्यंत त्याच्या तोंडी एक वाक्य नाही, सगळं नजरेने आणि चालण्याने, आणि भीती त्या गप्प राहण्याचीच वाटते.

पीटर कुशिंगचा व्हॅन हेल्सिंग, म्हणजे व्हॅम्पायरच्या मागावर असलेला डॉक्टर, पण तितकाच जीव लावून केलेला आहे. थडग्याजवळ घाबरलेल्या छोट्या तानियाला तो आपला कोट घालतो आणि आता तू टेडी बेअरसारखी दिसतेस म्हणतो तो सीन मला फार आवडतो, कारण त्याच्या आधी आणि नंतर तो जे करतो ते किती भयंकर आहे, आणि हाच माणूस पोरीशी इतक्या मायेने बोलतो.

खटकलं ते पण सांगते. तळघरात हार्कर आधी किल्ल्यातल्या व्हॅम्पायर बाईच्या छातीत खुंटा ठोकत बसतो आणि सूर्य मावळून जातो, अरे बाबा ड्रॅक्युला शेजारीच झोपलाय की, त्याला आधी मार ना! शिवाय सीमेवरच्या अधिकाऱ्याचे विनोद नसते तरी चाललं असतं, मधेच ताण सैल पडतो.

पण शेवट! कुशिंग लांबलचक टेबलावरून धावत जाऊन खिडकीच्या पडद्यावर उडी मारतो, ऊन आत येतं, मग दोन मेणबत्तीदाण्या एकमेकींवर आडव्या धरून क्रॉस करतो आणि ड्रॅक्युलाला उन्हात रेटतो. जेम्स बर्नार्डचं संगीत तर असं की ड्रॅ-क्यु-ला ही तीन अक्षरंच वाद्यं ओरडतायत असं वाटतं, हेडफोन लावून ऐका.

बघायचाच असेल तर 2012 ची रिस्टोअर केलेली प्रिंटच शोधा. सेन्सॉरने त्या वेळी कापलेले काही तुकडे टोकियोच्या आर्काइव्हमधल्या रिळांत सापडले, ते तिच्यात परत जोडलेत. ड्रॅक्युला स्वतःच्या हाताने चेहऱ्याची कातडी ओरबाडतो तो शॉट त्यातलाच, आणि मग वाऱ्याने राख उडून जाते, मागे नुसती अंगठी राहते.