ऐंशीव्या वर्षी वाढणारी पेन्शन आम्हाला पैसे घेऊन विकली

फौजी पेन्शनरला ८० वर्षे पूर्ण झाली की मूळ पेन्शन २० टक्क्यांनी वाढते. ८५ ला ३० टक्के, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरी गाठली तर दुप्पट. वाढीव रकमेवर महागाई भत्ताही मिळतो. त्यासाठी कुणाची ओळख लागत नाही की कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. रेकॉर्डला जन्मतारीख बरोबर असली की झालं. माझ्या वडिलांना त्यांच्या हक्काची हीच वाढ एका दलालाने विकली. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे गावोगाव माजी सैनिक आहेत आणि हा माणूस अजून मोकळा फिरतो आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

अण्णा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झाले. ऐंशीला टेकले असतानाच अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. दवाखान्याचा खर्च ईसीएचएसमधून, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण पेशंट घरी आणल्यावर जो खर्च सुरू होतो तो कोण देणार? अंग पुसायचं, कूस बदलायची, डायपर, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी. आईचं वय पंचाहत्तर, तिच्याने अण्णांना उचलवत नाही. ब्युरोतून फक्त दिवसपाळीला पेशंट सांभाळणारे मामा ठेवले तरी महिन्याला पंधरा हजार.

आमची ही नड त्या माणसाने बरोबर हेरली. "छत्रपती शिवाजी महाराज की जय" म्हणतच तो घरात आला. पलटणीची घोषणा कानावर पडली आणि अंथरुणावरच्या अण्णांनी डावा हात वर केला. मग परका माणूस घरचा व्हायला किती वेळ लागतो! आपण बेळगावला रेकॉर्ड ऑफिसात क्लार्क होतो, असं त्याने सांगितलं. "मेजर, सांभाळायला माणूस ठेवायचे पैसे सरकार देतं. तुम्हाला कुणी सांगितलंच नाही." (आमच्याकडे माजी सैनिक कुठल्याही हुद्द्याचा असो, गाव त्याला मेजरच म्हणतं.) डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, उघडून त्याने जन्मतारीख पाहिली. फाइलचा खर्च म्हणून आठ हजार घेतले आणि वर म्हणाला, "दोन-तीन महिन्यांत पेन्शन वाढेल. नाही वाढली तर पैसे परत."

पेन्शन वाढली. वाढणारच होती, अण्णांना ८० पूर्ण झाली होती. पण घरात त्या माणसाचं वजन एवढं वाढलं की पुढचे तीन महिने वाढीची रक्कम आईने स्वतःच्या हाताने त्याला दिली.

खरी लूट पुढे झाली. आता ‘अटेंडंट अलाउन्स’ काढू, असं म्हणून त्याने मेडिकल बोर्डाच्या नावाखाली पंचवीस हजार नेले. कोऱ्या कागदांवर अण्णांचा अंगठा घेतला, मूळ डिस्चार्ज बुक नेलं, आणि फौजी पेन्शनचं सरकारी ऑनलाइन खातं असतं त्या स्पर्श पोर्टलचा ओटीपीही आईकडून विचारून घेतला.

असा भत्ता खरंच आहे, म्हणून तर माणसं फसतात. सातव्या वेतन आयोगाने तो महिन्याला ६,७५० रुपये ठरवला होता, पुढे त्यात वाढ झाली. पण तो कुणासाठी? नोकरीमुळे आलेलं अपंगत्व १०० टक्के ठरलेलं आहे, अपंगत्वाची पेन्शन चालू आहे आणि सोबतीला कायम माणूस लागतो असं मेडिकल बोर्डाने लिहून दिलं आहे, अशा सैनिकासाठी. घरी बसल्यावर म्हातारपणी आलेल्या अर्धांगवायूला तो लागू होत नाही. हे मला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटकांनी नीट बसवून सांगितलं, एक पैसा न घेता. आमचे लोक त्याला अजून सोल्जर बोर्डच म्हणतात. तिथे जायचं सोडून माणसं घरी आलेल्या दलालाला चहा देतात, कारण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सोडून जिल्ह्याच्या गावी जायचं कुणी?

शेजारच्या वाडीतल्या एका विधवा आजींनाही त्याने गाठलं होतं. त्यांच्या यजमानांना पेन्शन नव्हती. हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्याच्या, पेन्शन नसलेल्या ६५ वर्षांवरील माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून मदत मिळते. आजी तिला पात्र होत्या. अर्ज सैनिक कल्याण कार्यालयातूनच जातो. आजींनी त्या माणसाला बांगडी मोडून पैसे दिले आणि अर्ज काही गेलाच नव्हता. आमचे पैसे गेले त्यापेक्षा मला याचा संताप जास्त येतो.

स्पर्शवर पाहिलं तर अण्णांच्या खात्याला भलताच मोबाइल नंबर जोडलेला. तो बदलून घेतला, पासवर्ड बदलला, बँकेला लेखी कळवलं. तुमच्या घरी असा कुणी येऊन गेला असेल तर आधी हाच नंबर तपासा. हयातीच्या दाखल्यासाठीही कुणाच्या हाती कागद देऊ नका. जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला ऑनलाइन, आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं, अण्णांचं आम्ही खाटेवरच केलं.

पोलिसांत अर्ज दिला आहे, त्याला आजींचाही जोडला आहे. पैसे रोखीने गेले, पावती नाही, त्यामुळे तक्रारदार जितके जास्त तितकं प्रकरण उभं राहील, असं हवालदार म्हणाले. तालुक्यात आणखी कुणी पैसे दिले असतील तर पोलीस ठाण्यात लेखी द्या आणि एक प्रत कल्याण संघटकांकडे ठेवा. अण्णांचं डिस्चार्ज बुक अजून त्याच्याकडेच आहे.